पहिल्या क्रमांकावर काय लिहू?

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका मुलीनं लिहिलं आहे. बारावी झाली, सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात 91.4 पर्सेंटाइल आले. घरी चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर. प्रवर्ग ओबीसी. घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. पुण्यात कामाला असलेले काका म्हणतात, "पुण्याले आल्याशिवाय काई खरं नाई, अन् घ्याचं त कॉम्प्युटरच घे." तालुक्याच्या गावातला एक काउन्सेलर 15 हजारांत फॉर्म भरून द्यायला तयार आहे. पुण्याजवळच्या एका कॉलेजात मॅनेजमेंटमधून कॉम्प्युटरची सीट करून देतो, असंही तो म्हणतो, आणि त्यासाठी बाबा एक एकर विकायच्या विचारात आहेत. आईचं म्हणणं, अमरावतीच्या पुढे नको. मैत्रीण वर्ष ड्रॉप करून लातूरला चालली आहे. कॉलेजातले सर म्हणतात, अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळू शकेल. ती विचारते: "91 ला नेमकं काय मिळतं? इलेक्ट्रिकल घेतलं तर मी मागं पडेन का? फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर काय लिहू?" विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर बिघडलं की बाबा तिलाच हाक मारतात, हेही तिनं पत्रात जाता जाता लिहिलं आहे.

प्रिय मुली,

सगळ्यात आधी त्या एका एकराचं बोलू. बाकीचं दोन दिवस उशिरा कळलं तरी चालेल, पण एकदा इसार घेतला की बोलून उपयोग नाही.

महाराष्ट्र शासनानं जुलै 2024 मध्ये एक निर्णय काढला आणि 2024-25 पासून तो लागू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. कॉलेज सरकारी असो की खाजगी विनाअनुदानित. तू यात बसतेस. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. म्हणजे ज्या सीटसाठी बाबा वावर विकायला निघाले आहेत, ती सीट घेतली की चारही वर्षांची फी तुमच्या अंगावर येते. कॅपमधून तीच शाखा दुसऱ्या कॉलेजात मिळाली, तर शिक्षण शुल्क शून्य. हे काउन्सेलरनं बाबांना सांगितलं का, ते त्याला सरळ विचार.

खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या माफीत येत नाहीत. गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीची कॉलेजंच विद्यापीठं झाली आहेत, नागपूरचं रामदेवबाबा हे त्यातलंच. अशा ठिकाणी माफीचं काय, ते प्रवेश विभागाकडून आधी लेखी घे. माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, हेही लक्षात असू दे. विकास शुल्क, होस्टेल, मेस, पुस्तकं, जाणं-येणं हा खर्च राहतोच, आणि पुणं की अमरावती याचा खरा हिशेब तिथंच होतो.

आता तुझे 91.4.

पर्सेंटाइल म्हणजे मार्क नाहीत. परीक्षेला बसलेल्या शंभरांतल्या साधारण 91 जणांच्या तू बरोबरीनं किंवा पुढं आहेस, एवढंच ते सांगतं. तुझ्या पुढं किती जण आहेत, ते किती मुलं बसली यावर ठरतं. 2024 साली पीसीएम गटाला तीन लाखांच्या आसपास मुलं बसली होती, 2025 साली सव्वाचार लाखांच्या आसपास. कागदावर मांडून बघ: 91.4 च्या पुढं 8.6 टक्के मुलं. तीन लाखांत ती साधारण 25,800 होतात, सव्वाचार लाखांत 36,500 च्या पुढं जातात. पर्सेंटाइल तेच, रांगेतली जागा मात्र दहा हजारांनी मागं. म्हणून "मागच्या वर्षी 91 ला अमुक मिळालं" हे वाक्य ऐकलंस की लगेच आशाही धरू नकोस आणि निराशही होऊ नकोस. कॅपच्या कट-ऑफ यादीत प्रत्येक रकान्यात मेरिट नंबर दिलेला असतो आणि त्याच्या खाली कंसात पर्सेंटाइल. आपल्याकडं सगळे फक्त कंसातलं वाचतात. तू वरचा नंबर वाच. तुझा राज्याचा मेरिट नंबर गुणवत्ता यादीत येईल तेव्हा नंबराशी नंबर ताडून बघ. परीक्षेला बसलेले सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत, त्यामुळे तो नंबर वर काढलेल्या आकड्यापेक्षा बराच लहान असेल. नंबरही शंभर टक्के खरा ठरत नाही. 2024-25 पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा उठवली आणि बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या. तरी पर्सेंटाइलपेक्षा त्यावर जास्त विसंबता येतं.

त्या यादीत GOPENH, LOBCO, GOBCS अशी अक्षरं दिसतील. ती एकदा समजली की 15 हजारांतलं निम्मं गुपित संपतं. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातली मुलं, एस म्हणजे राज्यस्तर. ओबीसी मुलगी म्हणून तू चार रकान्यांत बसतेस: खुला सर्वसाधारण, खुला मुली, ओबीसी सर्वसाधारण, ओबीसी मुली. तुझे सर कदाचित एकाच रकान्यात बघून बोलले असतील. चारही बघ.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून पास झालीस त्या ठिकाणावरून. तू वाशीम जिल्ह्यातून झालीस, म्हणजे तुझं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे पाच जिल्हे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात 70 टक्के जागा त्या भागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. म्हणून जवळच्या संलग्न कॉलेजात तू मोठ्या वाट्यासाठी भांडतेस आणि पुण्याच्या तशाच कॉलेजात लहान वाट्यासाठी. स्वायत्त संस्थांत बहुतेक जागा राज्यस्तरीय असतात, अमरावतीचं शासकीय महाविद्यालयही त्यातलंच. तिथं अख्ख्या राज्याशी गाठ आहे. तेव्हा बडनेरा, शेगाव, यवतमाळ, अकोला अशी एकेका कॉलेजची ओळ उघड आणि शेवटचं अक्षर कोणतं आहे ते बघ.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी: बारावीला नाव लातूर-नांदेडच्या कॉलेजात आणि मुलगा घरीच, असं असेल, तर होम युनिव्हर्सिटी तिकडची धरली जाते. प्रवेश घ्यायच्या आधीच याचा विचार करा.)

आता तुझा मुख्य प्रश्न, पहिल्या क्रमांकाचा.

मी सव्वीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलं. दरवर्षी ऑगस्टमध्ये एखादं तरी पोरगं असं यायचं. एकाचं अजून आठवतं, अकोल्याकडचा होता. नेट कॅफेवाल्यानं त्याला सांगितलं होतं, "जे मिळते तेच वर लिह्य, नाईतं काहीच नाई भेटत." त्यानं हक्काचं कॉलेज एक नंबरला टाकलं आणि मनातलं पाचव्याला. पहिल्याच फेरीत एक नंबर लागला आणि जागा आपोआप पक्की झाली. कट-ऑफ लागला तेव्हा दिसलं की पाचव्या क्रमांकाच्या जागेपर्यंत त्याचा नंबर सहज पोचत होता. ती प्रिंटआउट त्यानं इतक्या वेळा घडी करून खिशात ठेवली होती की मधोमध फाटली होती. माझ्या टेबलावर दोन तुकडे जुळवून त्यानं विचारलं, "मॅडम, आता बदलता येते का?" बदलता येत नव्हतं.

संगणक काय करतो, ते डोळ्यांसमोर आण. तुझ्या नंबरची पाळी आली की तो तुझ्या यादीत वरून खाली उतरतो. पहिली जागा शिल्लक आहे? नाही. दुसरी? नाही. तिसरी? आहे, दिली. वर आवाक्याबाहेरचं नाव लिहिलं म्हणून खालची जागा हातची जात नाही. ती जाते कधी, तर जे कमी हवं ते जास्त हव्या असलेल्याच्या वर लिहिलं तर. काय मिळेल हे संगणकच बघतो. तू फक्त काय हवं ते, हव्या त्या क्रमानं लिही, आणि यादी लांब ठेव. पाच-सहा नावांवर थांबू नकोस.

2025-26 पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा लागली तर ती आपोआप पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली कुठलीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली कुठलीही लागली तरी पक्की, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिली सहा नावं अशी हवीत की त्यातलं कोणतंही लागलं तरी तू आनंदानं बॅग भरशील. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा तुझ्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच. फॉर्म स्वतःच भर. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल घराबाहेर जाऊ देऊ नकोस. अडलं तर सुविधा केंद्रावर विचार.

काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पुण्यात कंपन्या हाकेच्या अंतरावर आहेत, इंटर्नशिप मिळते, चार जणांशी बोलून माणूस धीट होतो, आणि काका तिथं आहेत हाही आधारच. पण "पुण्याचं कॉलेज" म्हटलं की आपल्या मनात 1854 पासूनचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, येतं. तिथलं कॉम्प्युटर 99 च्याही वर बंद होतं. काउन्सेलर देतो आहे ते पुण्याच्या नावाखाली तासाभराच्या अंतरावरचं एखादं कॉलेज असेल, तर तिथल्या मुलीला पुणं रविवारीच दिसतं. काकांना एक काम सांग. एखाद्या कामाच्या दिवशी त्या कॉलेजात जाऊन यायचं, आजूबाजूला खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि मेसचा महिना विचारायचा, आणि आकडे तुला कळवायचे. काका जाऊन आले की त्यांचं मत काहीही असो, ते बघून झालेलं असेल. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुणे-नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो तुझ्या प्रवर्गाला लागू आहे का ते आधी विचार. दोन्हींच्या अटी बघून अर्ज कर, पण आधार योजनेत जागा मर्यादित असतात. ते पैसे येतीलच असं धरून हिशेब मांडू नकोस.

आणि इलेक्ट्रिकल.

"मागं पडेन का" असं तू विचारलंस. कुणाच्या मागं? एक फेज गेला की मोटार नुसती गुरगुरते, फिरत नाही. तशीच चालू राहिली तर वाइंडिंग जळतं, म्हणून तू धावत जाऊन बटण दाबत असशील. मग स्टार्टरचं झाकण उघडून काळे पडलेले कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासत असशील. हे तुला कुणी शिकवलं नाही, तू बघून शिकलीस. तीन फेजांतला एक गेला तर मोटार का फिरत नाही, याचं उत्तर इलेक्ट्रिकलच्या पुस्तकात आहे आणि त्यामागं बरंच गणित आहे. ते उत्तर वाचावंसं वाटतं का, हे तुझं तू बघ. वाटत असेल तर ही शाखा तुला दुसऱ्या पसंतीची म्हणून घ्यायची गरज नाही. आपल्याच भागात बघ ना: ज्या वावरात रात्रपाळीची लाइन यायची, तिथले फीडर सौरऊर्जेवर आणायचं काम सुरू आहे. महावितरण, महापारेषण आहेत, पदवीनंतरची गेट परीक्षा देऊन सार्वजनिक उपक्रमांची वाट आहे. बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पसमध्ये सगळ्या शाखांच्या मुलांना बसू देतात. पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग सर्वांनाच असतं, आणि अनेक ठिकाणी जादा श्रेयांक घेऊन कॉम्प्युटरमध्ये मायनर, म्हणजे जोडविषय, करता येतं.

याउलट प्रोग्रामिंगमध्ये तुझा जीव रमत असेल, तर स्टार्टरवरून मी तुला इलेक्ट्रिकलकडं ढकलणार नाही. मोटार दुरुस्त करणारी मुलगी कॉम्प्युटरही उत्तम शिकू शकते. फक्त काका म्हणतात म्हणून घेऊ नकोस. आधी इलेक्ट्रिकल घेऊ, मग दुसऱ्या वर्षी शाखा बदलू, असंही मनात धरू नकोस. बदल रिकाम्या जागांवर आणि गुणवत्तेवर होतो, फार थोड्यांना मिळतो.

ड्रॉपचं थोडक्यात सांगते. पेपरच्या दिवशी ताप होता, घरात काही घडलं, अर्धा अभ्यासक्रम राहून गेला, असं काही असतं तर मी विचार कर म्हटलं असतं. तू तसं काही लिहिलेलं नाहीस. मैत्रीण चालली म्हणून आणखी एक वर्ष, खोली आणि क्लासची फी, हे मला पटत नाही. नागपूरची राष्ट्रीय संस्था व्हीएनआयटी मनात असेल तर तो रस्ता जेईई मेनचा आहे, सीईटीच्या मार्कांवर तिथं प्रवेश होत नाही.

आता एक काम. अमरावतीचं शासकीय महाविद्यालय 1964 चं, शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी 1983 चं. नावं जुनी आहेत, पण नावावर जाऊ नकोस, जाऊन बघ. अमरावती सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. शेगावसाठी आणखी एक पूर्ण दिवस काढ. दोन्हीकडं बाबांना सोबत ने, शेगावला दर्शनही होईल. प्रवेशाच्या गर्दीत नको, साध्या मंगळवारी-बुधवारी दुपारी दोनला जा. त्या वेळी वर्ग चालू आहेत की मुलं कॅन्टीनला, ते दिसतं. इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबमध्ये डोकाव: मोटारींवर धूळ आहे की हाताचे डाग? कॉम्प्युटर लॅबमध्ये एका मशीनमागं किती मुली बसल्या आहेत? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ, शक्यतो आपल्याकडच्या खेड्यातली. मुलींच्या होस्टेलला पहिल्या वर्षी जागा मिळते का, नाही मिळाली तर मुली कुठं राहतात, मेसचं जेवण कसं आहे, आणि कोणत्या विषयाला वर्षभर शिक्षकच नव्हते, हे तिला विचार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

बोर्डावर "सर्वोच्च पॅकेज" लिहिलेलं दिसेल. तो आकडा एका मुलाचा असतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, आणि मधला पगार किती, हे मिळतं. मधला पगार म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. तो बघ. अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून मिळणारं एनबीए मानांकन शाखेनुसार असतं, तुला हव्या त्या शाखेला ते आहे का, तेही विचार.

कागदपत्रांनी दरवर्षी मुलं मागं राहतात, आणि ते फार वाईट वाटतं, कारण त्यात मुलांची काही चूक नसते. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, अधिवास. नॉन-क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते. तुझ्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर आजच सेतूत जा. जात वैधता आली नसेल तर पावतीवर निभेल म्हणून बसू नकोस, जिल्हा समितीकडं चक्कर मार. हे कागद वेळेत नसले की नाव खुल्या प्रवर्गात जातं, तिथं राखीव रकानाही जातो आणि फीमाफीही. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, जागांचा चॉईस कोड (फॉर्ममध्ये भरायचा क्रमांक) वेगळा असतो आणि कट-ऑफ बहुधा वर जातो. तुझं शिक्षण शुल्क तसंही माफ आहे, तू त्यामागं लागू नकोस. ओबीसी मुलांना मात्र निम्मंच शुल्क परत मिळतं, म्हणून उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांनी तो कोड जरूर भरावा.

तुझ्या जागी मी असते तर अमरावतीच्या शासकीयमधल्या दोन शाखा वर ठेवल्या असत्या. त्यानंतर शेगाव आणि बडनेऱ्यातल्या, मग पुण्यातली काकांनी स्वतः पाहिलेली आणि कॅपमधून मिळणारी एक-दोन कॉलेजं, तीही राहण्याचा खर्च झेपत असेल तरच. त्या पहिल्या दोन शाखांत वर कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल, हे मी इथून ठरवणार नाही. अमरावतीहून परत येताना एसटीत बाबांशी बोल. घरी आलीस की वहीच्या पानावर पेन्सिलनं एकाखाली एक लिही आणि पान रात्रभर तसंच राहू दे. सकाळी खोडून क्रम बदलावासा वाटला तर बदल, आणि कोणतं वर राहिलं ते मला कळव.

तुझी,
मावशी